गुडघा बदलला, पण पंगतीत बसायचे कुठे?



जिल्हा बैठकीच्या पत्रकात कापसाचा भाव सोडून गुडघ्याचा विषय कशाला, असे कोणी विचारेल. बैठक संपल्यावर सतरंजीवरून उठताना पन्नाशी ओलांडलेले किती जण शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेतात तेवढे बघा. विषय आपलाच आहे. निंदण उकिडवे बसून, ज्वारीची काढणी वाकून, पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन, कडब्याच्या पेंढ्या खांद्यावर घेऊन कोरडवाहू शेतकऱ्याचे आणि त्याच्या घरच्या बाईचे आयुष्य जाते. साठीला गुडघे हिशेब मागतात.

यावर गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया हा उपाय आता गावोगाव माहीत झाला आहे. २००० सालच्या ऑक्टोबरात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा आणि २००१ च्या जूनमध्ये उजवा गुडघा मुंबईत बदलला. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ती शस्त्रक्रिया केली. त्या वेळी अनेक खेड्यांनी हे पहिल्यांदा ऐकले. तोपर्यंत गुडघेदुखी म्हणजे तेल चोळायचे आणि काठी घ्यायची, एवढेच ठाऊक होते. आज शहराच्या रस्त्यावर त्याच्या पाट्या झळकतात, पेपरात जाहिराती येतात, मुंबई-पुण्यात नोकरीला असलेला मुलगा फोन करून सांगतो की बाबा, करूनच टाकू.

शस्त्रक्रिया वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. दुखण्याने रात्र रात्र जागणारी कितीतरी माणसे तिच्यामुळे झोपू लागली आहेत. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या घरात पेरणीच्या बियाण्याला पैसे उसने आणावे लागतात, ते घर या गुडघ्यासाठी मोठी रक्कम मोजते, कधी बैलजोडी विकते, कधी बाईच्या अंगावरचा डाग मोडते. एवढे मोजून आपण नेमके काय विकत घेतो, हे आधी कोणी विचारत नाही, आपणही सांगत नाही. मग वर्षभराने गुडघा चांगला असतो आणि माणूस नाराज असतो.

आत काय करतात

गुडघा बदलतात म्हणजे पाय कापून दुसरा सांधा बसवतात, अशी अनेकांची समजूत आहे. तसे नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नळीच्या हाडाचे वरचे टोक यांवर एक गुळगुळीत गादी असते, तिला कुर्चा म्हणतात. ती झिजली की हाड हाडावर घासते. शस्त्रक्रियेत हाडांची ती झिजलेली टोके पातळ तासून काढतात, वर धातूची टोपी, खाली धातूची थाळी आणि मध्ये घट्ट प्लास्टिकची चकती बसवतात. बैलगाडीच्या चाकाला नवी धाव चढवावी तसा हा प्रकार आहे. चाक तेच राहते, घासणारा भाग नवा होतो.

नवी धाव टिकते किती? परदेशातल्या राष्ट्रीय नोंदवह्यांवरून २०१९ साली काढलेला अंदाज असा, की पूर्ण बदललेल्या १०० गुडघ्यांपैकी ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. म्हणजे कारागिरीत खोट नाही. मग नाराजी येते कुठून?

पाचातला एक

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात अशा १,७०३ शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात १९ टक्के लोकांनी सांगितले, आम्ही समाधानी नाही. पाचातला जवळपास एक. तिथे दवाखाने आपल्यापेक्षा सुसज्ज आहेत, उपचाराचा खर्च सरकार भरते. तरीही पाचातला एक नाराज.

नाराज का, याचाही शोध त्यांनी घेतला. सगळ्यात ठळक कारण निघाले ते असे, की ज्यांच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत, त्यांच्या नाराजीची शक्यता इतरांच्या दहापटीहून जास्त होती. हे नीट वाचा. डॉक्टरच्या मते गुडघा ठीक आहे, फोटोत सांधा सरळ आहे, पण माणसाने मनात जे धरले होते ते मिळाले नाही. मनात धरलेले कधी बोललेच गेले नसेल, तर ते मिळणार की नाही हे त्याला आधी सांगणार कोण?

त्यांची यादी आणि आपली यादी

गुडघ्याच्या रुग्णाला काय येते, काय येत नाही हे मोजायला डॉक्टरांकडे ठरलेल्या प्रश्नांचे कागद असतात. जगभर चालणारा एक कागद कॅनडात १९८० च्या दशकात तयार झाला. त्यात २४ प्रश्न आहेत. गाडीत चढता-उतरताना किती त्रास होतो, पायमोजे घालताना किती होतो, न्हाणीच्या टबात शिरताना किती होतो, असे ते प्रश्न. इथे गाडी म्हणजे मोटारगाडी. बैलगाडीच्या साटीवर चढण्याचा प्रश्न त्यात नाही, आणि टब तर आपल्या घरात नाहीच.

अमेरिकेतल्या गुडघ्याच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०११ साली आपला कागद नव्याने केला. त्यांनी एक चांगली गोष्ट केली. रुग्णाला विचारले, तुझ्या विरंगुळ्याच्या कोणत्या तीन गोष्टी तुला महत्त्वाच्या वाटतात? त्यासाठी यादी दिली : पोहणे, अठरा भोकांचा गोल्फ, अर्ध्या तासाहून जास्त सायकल चालवणे, बागकाम, बोलिंग, रॅकेटचे खेळ, लांब चालणे, नाच वगैरे. विचार अगदी योग्य आहे. माणूस नुसता दुखणे जावे म्हणून गुडघा बदलत नाही, त्याला जगण्यातला आनंद परत हवा असतो, हे त्यांनी मान्य केले. त्या कागदात उकिडवे बसण्याचा आणि गुडघे टेकण्याचा प्रश्नही आहे. पण विरंगुळ्याची यादी त्यांच्या गावची आहे.

आपली यादी कोणती? हुरड्याच्या दिवसांत शेतात आगटी पेटवून भोवती उकिडवे बसायचे आणि गरम कणसे हातावर चोळायची. एकादशीला मांडी घालून भजनाला बसायचे, टाळ हातात घ्यायचा. लग्नाच्या पंगतीत पाटावर बसायचे. शेगावच्या पालखीबरोबर पंढरीला महिनाभर चालायचे, नाही जमले तर एक-दोन मुक्काम तरी. शंकरपटाला उभे राहून बैल पाहायचे. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवायची. सांजवेळी पारावर बसायचे. बायांचे म्हणाल तर भजनी मंडळ, भुलाबाईची गाणी, नागपंचमीचा झोका, वाळवणाच्या दिवसांत अंगणात गोल करून शेवया करायच्या आणि गप्पा मारायच्या.

यातली निम्मी कामे जमिनीवर बसून होतात. गुडघ्याचा प्रश्न इथेच अडतो.

किती वाकतो, किती वाकत नाही

अंशात सांगतो. साधे चालताना गुडघा साठ-सत्तर अंश वाकतो. जिना चढायला, खुर्चीवरून उठायला नव्वद-शंभरच्या आसपास लागतात. मांडी घालायला आणि उकिडवे बसायला त्याहून बरेच पुढे, सव्वाशे-दीडशे अंशांपर्यंत जावे लागते. बदललेला गुडघा साधारणपणे एकशेदहा ते एकशेवीस अंश वाकतो. म्हणजे चालणे, चढणे, सायकल, खुर्ची यांना तो पुरून उरतो. उकिडवे बसण्याला मात्र कमी पडतो. काही जणांना पुढे मांडी घालता येते, नाही असे नाही. पण त्याची हमी कोणी देत असेल तर सावध राहा.

जाहिरातीत ‘हाय-फ्लेक्स’ म्हणजे जास्त वाकणारा सांधा असे सांगतात. त्याचे पैसे जास्त पडतात. साध्या सांध्याशी तुलना करून जे अभ्यास झाले, त्यांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. रोबोटचेही तसेच. रोबोटने सांधा नेमका बसवता येतो, पण रोबोट वापरला म्हणून मांडी घालता येईल असे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे सर्वात जास्त ठरते ते आधी तो किती वाकत होता यावर. पार आखडून लाकूड होईपर्यंत थांबले तर नव्या सांध्यालाही मर्यादा येते. उलट, नुसता फोटो वाईट दिसतो म्हणून घाई करण्याचेही कारण नाही. वजन कमी करणे आणि मांडीचे स्नायू बळकट करण्याचा व्यायाम यांनी अनेकांची गाडी आणखी काही वर्षे चालते.

गुडघे टेकण्याबद्दल एक गैरसमज आहे. नमाजाला, नमस्काराला गुडघा टेकला तर सांधा निसटेल, या भीतीने लोक आयुष्यभर टेकत नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत तसा धोका नसतो. चिऱ्याच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधीर राहते, त्यामुळे टेकल्यावर विचित्र वाटते. आपल्याला टेकता येईल का, हे डॉक्टरांना विचारून मऊ घोंगडीवर हळूहळू सुरू करता येते.

जे करू नये तेही सांगितले पाहिजे. गाडीवरून उडी मारू नये. पोते पाठीवर घेऊ नये. फुगडीचा पिळा गुडघ्याला मानवत नाही. पावसाळ्यात काळ्या रानातल्या चिखलात घसरून पडले तर सांध्याशेजारचे हाड मोडू शकते. पायाला काटा रुतला, टाचेची भेग चिघळली, दाढ सुजली तर अंगावर काढू नये, कारण तिथला जंतू रक्तातून सांध्यापर्यंत जाऊ शकतो आणि मग दुसरी, तिसरी शस्त्रक्रिया करावी लागते. शस्त्रक्रियेच्या आधीही पायाच्या भेगा, दात आणि साखर यांचा बंदोबस्त करून घ्यावा.

विरंगुळा ही चैन नाही

कोणी म्हणेल, शेतकऱ्याला कसला विरंगुळा? चालता आले, रानात जाता आले की झाले. ही भाषा आपण इतकी वर्षे ऐकली की आपणही ती बोलू लागलो. शेतकरी म्हणजे नुसते राबणारे अंग, असे मानणाऱ्यांची ही भाषा आहे. साठीनंतर शेतातले काम तसेही कमी होते, मुलगा-सून बघतात. मग त्या माणसाला उरते काय? पार, भजन, पंगत, वारी. गुडघ्यामुळे माणूस भजनाला जायचा बंद होतो, पंगतीला ‘तुम्ही होऊन या, मी घरीच जेवतो’ म्हणतो, हळूहळू ओसरीवरच्या बाजेवर एकटा पडतो. शस्त्रक्रियेने दुखणे गेले आणि एकटेपण तसेच राहिले, तर त्या घराने पैसे मोजून अर्धेच काही विकत घेतले.

हे एकटेपण घालवायला दरवेळी गुडघाच जास्त वाकला पाहिजे असे नाही. मशिदीत म्हातारी माणसे खुर्ची टाकून नमाज पढतात, त्यांना कोणी नावे ठेवत नाही. मग देवळात भजनाला मागच्या भिंतीशी बाक टाकला तर देवाचा अपमान कसा होतो? पंगतीच्या एका टोकाला चार टेबले मांडली आणि तिथे गावातली मानाची माणसेही बसली, तर खुर्चीवर बसणाऱ्याला आपण बाजूला काढलो गेलो असे वाटणार नाही. आगटीपाशी दोन मोडे ठेवायला किती खर्च येतो? गुडघा एकशेवीस अंश वाकत असेल, तर उरलेले तीस अंश गावाने भरून काढायचे.

बाईचा गुडघा

गुडघ्याची झीज बायांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त असते, आणि पाळी गेल्यानंतर ती वाढते, हे वैद्यकशास्त्र सांगते. त्यात निंदणाचे सगळे काम बायांकडे. दिवसभर उकिडवे सरकत सरकत तास काढायचे, घरी येऊन चुलीपुढे बसून भाकरी थापायच्या. तरी घरात पैसा निघतो तो आधी बाबांच्या गुडघ्यासाठी. आईचा गुडघा ‘पुढच्या वर्षी कापूस चांगला पिकला तर’. आणि आईची शस्त्रक्रिया झालीच तर डॉक्टरला पहिला प्रश्न घरचे विचारतात तो हा, की स्वयंपाकाला कधी बसेल, निंदायला कधी जाईल?

तिला काय हवे आहे, हे तिला विचारा. तिला कदाचित माहेरच्या यात्रेला जायचे असेल, मंडळातल्या बायांबरोबर पंढरपूरची एसटी पकडायची असेल. उकिडवे निंदण बहुधा तिला परत जमणार नाही, आणि जमले तरी करू नये. हे आधीच घरात ठरले पाहिजे. चुलीला ओटा केला, संडासात कमोडचे भांडे बसवले किंवा कमोडची खुर्ची ठेवली, तर सांध्याचे आयुष्य वाढते आणि तिची लाज राखली जाते. शस्त्रक्रियेचा खर्च मोजताना या दोन गोष्टींचा खर्च त्यातच धरावा.

हंगाम आणि हिशेब

शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा आठवडे व्यायामाचे असतात. गुडघा पूर्ण सरळ करणे आणि रोज थोडा थोडा वाकवणे, हे दुखत असतानाही करावे लागते. मोठी सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, त्यानंतरही वर्षभर थोडीथोडी होत राहते. आपल्या खेड्यात फिजिओथेरपीवाला नसतो. म्हणून दवाखान्यातून निघण्यापूर्वी व्यायाम घरच्या एका माणसाने शिकून घ्यावा आणि कागदावर लिहून आणावा.

वेळही आपल्या पंचांगाने ठरवावी. कापसाचा शेवटचा वेचा झाला, खरिपाची ज्वारी घरात आली, की संक्रांतीनंतर शस्त्रक्रिया केल्यास मृगापर्यंत चार-साडेचार महिने मिळतात. ज्येष्ठात करून आषाढात पेरणीच्या चिखलात पाय घातला, तर पैसा आणि गुडघा दोन्ही जातील. रब्बीची ज्वारी असलेल्यांनी आपला महिना त्याप्रमाणे धरावा. पालखीचा विचार पुढच्या वर्षी, डॉक्टरांना विचारून.

पैशाचे म्हणाल, तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची छापील किंमत त्याआधी सरासरी १,५८,३२४ रुपये होती, ती ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतकी ठरवली. पुढे आकडे बदलत गेले. पण धडा असा, की बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागता येते आणि मागावी. खोली, डॉक्टरची फी, औषधे हे वेगळे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, बसत असल्यास कोणत्या दवाखान्यात, हे तिथल्या आरोग्यमित्राला दागिने मोडण्याआधी विचारावे, नंतर नव्हे.

बैठकीपुढे ठेवतो

डॉक्टरकडे गर्दी असते. आपल्या वाट्याला दोन-चार मिनिटे येतात, त्यांत आपण ‘लई दुखतं साहेब’ एवढेच सांगतो. म्हणून आमची सूचना अशी. जाण्यापूर्वी घरात बसून एका कागदावर पाच गोष्टी लिहा : मला या गुडघ्याने काय काय करायचे आहे. ‘शेतात जायचे’ असे मोघम नको. शेत किती लांब, बांध किती उंच ते लिहा. भजन लिहा, हुरडा लिहा, वारी लिहा, नातीच्या लग्नात पाटावर बसायचे असेल तर तेही लिहा, लाजू नका. डॉक्टरपुढे तो कागद ठेवा आणि एकेका ओळीवर विचारा : हे होईल, कदाचित होईल, की होणार नाही? ‘होणार नाही’ हे उत्तर आधी मिळाले तर माणूस मन घट्ट करतो किंवा दुसरी वाट शोधतो. तेच उत्तर पैसे मोजल्यावर मिळाले तर फसवल्यासारखे वाटते, डॉक्टरने फसवलेले नसले तरी.

दुसरे असे, की ज्यांचा गुडघा बदलून वर्ष झाले आहे अशांनी आपापल्या गावच्या बैठकीत उभे राहून खरे सांगावे. काय जमते, काय जमत नाही, किती खर्च आला, पुन्हा करायचे झाले तर काय वेगळे करतील. बायांनी तर नक्कीच सांगावे. त्यांचे ऐकले तर पुढच्या माणसाच्या अपेक्षा जमिनीवर राहतील. ज्या गावात देवळात बाक नाही, पंगतीला चार टेबले नाहीत, त्या गावाच्या कार्यकर्त्यांनी येत्या हुरड्यापूर्वी ती सोय करावी आणि पुढच्या जिल्हा बैठकीत तसे कळवावे.